शिवेबाहेरचा संत

देव मोडला की सुताराचा आणि जोडला की भटजीचा, असं गोरक्ष सुतार म्हणायचा. जुन्या नाशकात काजीगढीच्या उतारावर त्याचं घर होतं आणि घरापुढच्या पडवीत कायम कुणी ना कुणी देव हात-पाय मोडून पडलेला असायचा. रथांची चाकं, देव्हाऱ्यांचे खांब, पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्याच्या नाचाला लागणारी लाकडी सोंगं, सगळं त्याच्याकडे यायचं. त्याला मोडक्या देवाची भीती कसली? बायकोला, मैनाला होती. पण दहा वर्षांच्या संसारात तीही डोळ्यांवर पदर ओढून पडवी ओलांडायला शिकली होती.

चौतीस सालच्या श्रावणाच्या तोंडाशी कमळाबाई गोधडीत गुंडाळून जो देव घेऊन आली, तसला मात्र गोरक्षानेही कधी पाहिला नव्हता.

कमळाबाई नाशिकरोडला रेल्वेच्या चाळींमागे जे ख्रिस्ती लोकांचं छोटं देऊळ होतं, त्याची झाडलोट करायची. मूळची संगमनेरकडची, विधवा. देवळामागची एक खोली तिला राहायला दिलेली होती आणि साठीला टेकलेल्या त्या बाईला जगात दुसरं छप्पर नव्हतं. आदल्या वर्षी देवळातली दोन पितळी शमादानं चोरीला गेली, तेव्हा पाद्रीसाहेबांनी तिला समोर उभं करून सांगितलं होतं की पुन्हा एक वस्तू हलली तर खोली खाली करायची. आणि आता जळमटं काढताना स्टूल डगमगलं, तिचा धक्का संत रोकाच्या लाकडी मूर्तीला लागला आणि त्याचा उजवा हात कोपरातून निखळला. पाद्रीसाहेब मुंबईला गेलेले होते. सोळा ऑगस्टला या संताचा सण, त्या दिवशी सकाळच्या गाडीने ते परतणार होते.

"तेवढ्यात झालं पायजे, गोरक्षा," ती म्हणाली. "नाय झालं तर चोर म्हनून बाहेर काढतील मला. ह्या वयात कुठं जाऊ?"

गोरक्षाने वाकसावर हात ठेवून शब्द दिला. सुताराने हत्यारावर हात ठेवला की विषय संपला. पुढे मागे सरायला जागा राहत नाही.

संत दोन हात उंच होता, सागवानी, दोनअडीचशे वर्षांपूर्वी वसईकडे कुणीतरी कोरलेला. आपले देव कसे समोर बघत ताठ उभे असतात. हा एका पायावर भार टाकून, कमरेत वळून, डोळे आभाळाकडे लावून उभा होता. डोळे काचेचे, आत्ता रडतील असे. अंगावरचा झगा वाऱ्याने फुगून मागे उडत होता आणि त्या लाकडाच्या चुण्या इतक्या पातळ होत्या की गोरक्षाने नखाने टिचकी मारून खात्री करून घेतली. चुण्यांच्या खाचांतून जुना सोन्याचा वर्ख अजून टिकून होता. वारा कुठाय, असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि आख्खी दुपार काही न करता नुसता बघत बसला. त्याला त्या मेलेल्या कारागिराचा हेवा वाटला. आपल्या हातून असं जन्मात होणार नाही हे त्याला कळलं आणि ते त्याला सोसवेना.

डाव्या हाताने संताने झग्याची कड मांडीपर्यंत उचललेली होती. तिथे, अगदी वर, लाल रंगवलेली गाठ कोरलेली होती आणि तिच्यातून ओघळ उतरलेले होते. मोडलेला उजवा हात त्या गाठीकडेच बोट दाखवायचा. पायाशी एक कुत्रं होतं, तोंडात भाकरीचा तुकडा धरलेलं. गाठ कसली, हे गोरक्षाने विचारलं तेव्हा कमळाबाईने सांगितलं की ती प्लेगाची. संताला स्वतःला प्लेग झाला होता आणि तो रानात एकटा पडला तेव्हा हे कुत्रं त्याला भाकरी आणून द्यायचं, म्हणून प्लेगाच्या साली लोक त्याला नवस बोलतात. एवढं एक वाक्य गोरक्षाने घरात सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नवरे लोक गिऱ्हाइकाशी दोन तास बोलतील आणि बायकोशी दोन शब्द बोलायचे म्हटले की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

हात सरसाने जोडला, सुतळीने आवळला. श्रावणाच्या दमट हवेत सरस वाळायला चार-पाच दिवस लागणारच. तेवढ्यात त्र्यंबकाहून रथाच्या आसाचं बोलावणं आलं आणि गोरक्ष दोन दिवसांसाठी तिकडे गेला.

तो गेला त्याच दुपारी त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला, चिमणाला, हुडहुडी भरून ताप चढला. पोर बरळायला लागली. मैना तिच्यासाठी पाणी आणायला म्हणून पडवीतून जाताना पदर सरकला आणि तिची नजर देवावर पडली. जांघेतली गाठ. ती स्वतः सहा वर्षांची असताना तिच्या आईच्या जांघेत तसलीच गाठ आली होती आणि तीन दिवसांत घरातली चार माणसं गेली होती. हा देव आपली गाठ उघडी करून दाखवत होता, वर त्याचं कुत्रं कुणाच्या तरी घासातली भाकरी पळवून नेत होतं. मैनाला आणखी कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

तिच्या माहेरी, निफाडकडे, रोगराई आली की मरीआईचा गाडा काढत. छोट्या गाड्यात आईला बसवायचं, हिरव्या बांगड्या, लिंबं, दहीभात पुढे ठेवायचा, आणि वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचं. पुढचं गाव तिला पुढच्या शिवेवर नेऊन सोडतं. ते गाव त्याच्या पुढच्या. शेवटच्या गावाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. मैनाने शेजारच्या कुसाबाईला हाक मारली. गोरक्षाने एका देवळाच्या पालखीरथासाठी केलेली चार नवी चाकं पडवीतच होती, ती फळीला ठोकली, संताला वर बसवला आणि दोघींनी भर दिवसा गाडा टाकळीच्या शिवेवर नेऊन सोडला.

तेरा तारखेला गोरक्ष आला तेव्हा कोपऱ्यात नुसती सुतळी पडली होती. चिमणा उठून बसली होती आणि पेज खात होती.

"मरन आनून ठिवलं व्हतं तुम्ही घरात," मैना म्हणाली. "मी ते बाहेर घातलं. बघा पोरीकडं."

तो बघत राहिला. ताप एकदिवसाआडचा होता, आपोआप उतरला होता आणि आपोआप परत चढणार होता. हे त्याला ठाऊक होतं. पण पोर पेज खाताना बघून ही अक्कल त्याच्या कामाची राहिली नाही. तो देव आणायला निघाला तेव्हा मैनाने शांतपणे सांगितलं की आणायचा तर आणा, पण तो ह्या उंबऱ्याच्या आत आला तर मी पोरीला घेऊन बाहेर जाईन.

टाकळीच्या लोकांनी गाडा आदल्या दिवशीच पुढे लोटला होता. त्यापुढच्या दसक गावच्या लोकांनी तर तासभरही ठेवला नव्हता. त्यांनी संताच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात लिंबांची माळ घातली आणि पुढच्या पंचक गावाच्या हद्दीत सोडून मागे न बघता घर गाठलं. एरवी बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारी ही गावं, पण या कामात एकानेही कसर ठेवली नव्हती. गाव करी ते राव न करी म्हणतात ते असं. पंचकात गोरक्ष उभा राहिला तिथून नाशिकरोडच्या देवळावरचा क्रूस दिसत होता. संत आपल्या घरापासून अर्ध्या कोसावरून गेला होता आणि कुणी त्याला ओळखलं नव्हतं.

तो कमळाबाईकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. तिने संताच्या रिकाम्या कोनाड्यावर पांढरा पडदा लावून ठेवला होता. सणापर्यंत झाकून ठेवलाय असं सगळ्यांना सांगितलं होतं. सणाच्या सकाळी प्रार्थनेच्या आधी पाद्रीसाहेब स्वतः तो पडदा बाजूला करणार होते. दुसरा नाही का करता येणार, असं तिने एकदाच विचारलं. तीन दिवसांत लाकूडसुद्धा वाळत नाही, आणि तसला हात तर तीन जन्मांतही यायचा नाही, हे तो कसं सांगणार? आणतो, एवढंच तो म्हणाला. ती पडद्याच्या चुण्या सारख्या करत राहिली.

चौदा तारखेला सकाळी एकलहऱ्यात त्याला गेणू नावाचा माणूस भेटला. गाडा आपणच पुढे नेला, हे गेणूने छाती काढून सांगितलं. पलीकडे नदीच्या वळणावर एक वाडी होती. तिथे आठवड्यापूर्वी उंदीर पडले, प्लेग शिरला आणि सगळी वाडी घरं उघडी टाकून रानात झोपड्यांत राहायला गेली. आधीच बुडालेल्या गावात आणखी एक गाठ गेली तर त्यांना काय फरक पडतो, असा गेणूचा हिशोब होता.

"जा, बघ जाऊन," तो म्हणाला. "पन त्याला घेऊन आमच्या शिवंतून परत येऊ नको. तंगडं मोडू तुझं."

वाडीत कुत्रंसुद्धा नव्हतं. दारं सताड उघडी, अंगणात गवत वाढलेलं, उंबऱ्यांवर मेलेले उंदीर. मारुतीच्या पारापाशी गोरक्षाला आपली चार चाकं दिसली. गाडा उलटा पडला होता, लिंबं चिखलात तुडवलेली होती. संत नव्हता. चिखलात काहीतरी जड ओढत नेल्याची खूण मात्र होती आणि ती शेवटच्या घराच्या पायरीपर्यंत गेलेली होती. त्याला पळून जावंसं वाटलं. मग पांढऱ्या पडद्याची आठवण झाली आणि तो पायरी चढला.

ओटीवर घोंगडीवर एक म्हातारी पडली होती. तिच्या बाजूला भिंतीला टेकवून संत उभा होता. हात जोडल्या जागी घट्ट होता. कुंकू पुसलेलं होतं, आणि मांडीवरच्या गाठीवर हळद-चुन्याचा ओला लेप लावलेला होता.

म्हातारीचं नाव धोंडाबाई. मुलं-सुना रानात गेली तेव्हा तिच्या जांघेत गाठ आली होती, म्हणून तिला मागे ठेवली. सून मालनबाई रोज सकाळी कुंपणाबाहेरच्या दगडावर भाकरी ठेवून लांबूनच हाक मारायची. देव पाराशी भिजत पडलेला म्हातारीला दिसला. त्याला ओढत आणायला अर्धा दिवस लागला, असं तिने सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं.

"त्याला बी तिथंच हाय, मला बी तिथंच," ती म्हणाली. "सगळ्यांनी हाकलला बिचाऱ्याला. एवढा लेप केला, त्यातला निम्मा त्याला लावला."

गोरक्षाने दारातूनच सगळं सांगितलं. कमळाबाई, खोली, पडदा, परवा सकाळची गाडी. म्हातारीने नीट ऐकून घेतलं. बाईचं छप्पर जातंय हे तिला चांगलं कळलं. तिने मान हलवली.

"ने की बाबा. तुझाच हाय. पन मी गेल्यावर ने. एकटीनं जायाचं जिवावर आलंय रं. आता काय, आजची रात न्हाईतर उद्याचा दिस."

तो पुढे झाला आणि त्याने संताला उचलला. धोंडाबाईचा हात त्या लाकडी कुत्र्याच्या डोक्यावर होता, तो खाली पडला. तिने अडवलं नाही. फक्त भिंतीकडे तोंड फिरवलं. गोरक्ष पायरीपर्यंत गेला, तिथे उभा राहिला, कितीतरी वेळ उभा राहिला, आणि परत येऊन त्याने संताला होता तिथे ठेवला. स्वतःवर तो इतका चिडला होता की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तो अंगणात बसला. बसल्या बसल्या त्याचं मन हिशोब करायला लागलं. उद्या दुपारपर्यंत म्हातारी गेली तर लाकडं गोळा करून तिला अग्नी देता येईल, एकलहरं टाळून नदीकाठच्या चिखलातून निघालं तर परवा उजाडायला देवळात पोचता येईल. उद्या संध्याकाळी गेली तर जरा धावपळ होईल. पण जमेल. अजून श्वास जोरात चालू आहे, पण गाठ फुगलीय, म्हणजे फार नाही. हे सगळं त्याने अगदी नीट, लाकूड मापावं तसं मापलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण एक माणूस मरायची वाट बघत बसलोय. मैनाने, टाकळीकरांनी, गेणूने निदान देवाला बाहेर लोटलं होतं.

तो उठला आणि आडावरून पाणी आणलं. पहिल्यांदा वाडगं काठीने पुढे सरकवलं. म्हातारीला ते उचलता आलं नाही, सांडलं. मग तो ओटीवर गेला, तिच्या मानेखाली हात घातला आणि पाणी पाजलं. त्या क्षणापासून घर, मैना, चिमणा त्याच्यासाठी शिवेपलीकडे गेले. आता निदान दहा दिवस तरी त्याला पोरीला हात लावता येणार नव्हता. हे कळलं तेव्हा त्याला ब्रह्मांड आठवलं, पण हात मानेखालीच राहिला.

पंधरा तारीख उजाडली. मालनबाईने दगडावर भाकरी ठेवायला येऊन लांबून त्याला पाहिलं आणि दुसऱ्या खेपेला आणखी दोन भाकरी ठेवून गेली. दुपारी म्हातारीचा ताप इतका वाढला की ती संतालाच मुलाच्या नावाने हाका मारायला लागली. गोरक्षाने लेप बदलला. तिला लावला आणि तिने खूण केली म्हणून संतालाही लावला. त्या कोरलेल्या गाठीवरून बोट फिरवताना जुन्या कारागिराचा हेवा वगैरे काही त्याच्या मनात आलं नाही. संध्याकाळी ती शुद्धीवर आली, तो अजून तिथेच बसलाय हे तिने पाहिलं, आणि तिचा चेहरा ओशाळला.

"मी लवकर मरत नाय, बाबा," ती म्हणाली. "लय खोळंबा झाला तुझा."

गोरक्षाला हुंदका आवरला नाही. आयुष्यात कुणी त्याची अशी माफी मागितली नव्हती, आणि कुणी मागूही नये.

सोळा तारखेला सकाळी पाऊस थांबला होता. म्हातारी जिवंत होती. ओटीवर ऊन आलं होतं, संताच्या काचेच्या डोळ्यांवरही आलं होतं. गोरक्ष दगडावरची भाकरी घेऊन येत असताना लांबून, नाशिकरोडच्या बाजूने, आगगाडीची शिटी ऐकू आली. तो अंगणाच्या मधोमध थांबला. आता पाद्रीसाहेब उतरले असतील. टांगा केला असेल. कमळाबाईने लुगडं बदलून केस विंचरले असतील आणि ती पडद्याच्या बाजूला उभी असेल, दाराकडे बघत. देवळात माणसं जमली असतील. साहेब आत येतील, गुडघा टेकतील, आणि मग पडद्याला हात घालतील. धावत जाऊन ओरडावं, तिने काही चोरलेलं नाही, असं त्याला वाटलं. पण देऊळ दीड कोसावर होतं आणि गाडी आलेली होती.

"गोरक्षा," ओटीवरून धोंडाबाईने विचारलं. आवाज आता जेमतेम येत होता. "तुझी गाडी आली का रं?"

तो वर गेला आणि तिच्याजवळ बसला. तिचा हात पुन्हा कुत्र्याच्या डोक्यावर होता.

"नाही, आजी," तो म्हणाला. "ती दुसरी. माझ्या गाडीला अजून दोन दिवस आहेत. तुम्ही काही घाई करू नका."

तिने डोळे मिटले. बरं झालं, असं ती पुटपुटली. गोरक्षाने भाकरीचा तुकडा मोडला, पाण्यात कुस्करला आणि तिच्या तोंडाशी धरला.